विस्तव विझू देऊ नये

चुलीवर स्वयंपाक केलेल्या बाईला एक गोष्ट ठाऊक असते. रात्री जेवणे झाली की ती चुलीतले चार निखारे राखेखाली पुरून ठेवते. सकाळी पाहावे तर वर नुसती राख दिसते. हात लावला तर गार लागते. पण ती घाबरत नाही. राख बाजूला सारते. आत निखारा असतो. त्यावर काटक्या ठेवते, फुंकणीने फुंकते. धूर होतो, डोळ्यांत पाणी येते, आणि मग जाळ होतो.

आता समजा, तिने राख सारलीच नाही. किंवा राख सारली, पण वर काटक्या घातल्या नाहीत. मग काय होईल? निखारा थोडा वेळ लाल दिसेल आणि विझून जाईल. घर उपाशी राहील.

माणसाच्या भक्तीचेही असेच आहे, बरं का! नवा विश्वास ठेवणारा माणूस पहाटे उठून प्रार्थना करतो. शेजाऱ्याच्या मदतीला धावतो. चार वर्षे जातात. तोच माणूस रविवारी उपासनेला येतो, पण मन शेतात असते. गाणे म्हणतो, पण ओठांनी. भावाशी बांधाचे भांडण आहे, ते तसेच ठेवून देवापुढे हात जोडतो. बाहेरून सगळे ठीक दिसते. आत मात्र राख साचलेली असते.

असे का होते? आणि विझत आलेला विस्तव पुन्हा कसा पेटतो? आज आपण हेच समजून घेऊ.

इफिस गावची मंडळी

ही अडचण आजची नाही. फार जुनी आहे. इफिस नावाचे एक मोठे बंदर होते. आज तेथे पडके अवशेष आहेत, आणि ती जागा तुर्कस्तान देशात आहे. प्रभू येशू ख्रिस्तानंतर काही वर्षांतच तेथे ख्रिस्ती लोकांची मंडळी उभी राहिली. बायबलचे शेवटचे पुस्तक म्हणजे प्रकटीकरण. त्याच्या दुसऱ्या अध्यायात या मंडळीला पाठवलेला निरोप आहे.

त्या निरोपात आधी शाबासकी आहे. इफिसचे लोक कष्टाळू होते. त्रास झाला तरी ते मागे हटले नाहीत. खोट्या उपदेशकांना त्यांनी ओळखले. मग चुकले कोठे? चूक एकच सांगितली आहे. सुरुवातीला त्यांच्यात जी प्रीती होती, ती त्यांनी सोडली होती. काम चालू होते. प्रीती गेली होती.

पण निरोप रागवून थांबत नाही. तो उपायही सांगतो. उपाय तीन आहेत. पहिला, आपण कोठे होतो आणि कोठून घसरलो, ते आठवावे. दुसरा, चूक कबूल करून मागे फिरावे. तिसरा, पूर्वी करत होतो ती प्रीतीची कामे पुन्हा हाती घ्यावी.

पाहा, चुलीचेच काम झाले! निखारा कोठे आहे ते शोधायचे. राख सारायची. वर काटक्या घालायच्या. आणि फुंकर? ती देवाच्या आत्म्याची, असे ख्रिस्ती माणसे मानतात. ती प्रार्थनेत मागायची असते.

प्रीती म्हणजे काय?

प्रीती म्हणजे गोड बोलणे नव्हे. जो आपल्याशी चांगला वागतो, त्याच्याशी चांगले वागणे कोणालाही जमते. ख्रिस्ती शिकवणीतली प्रीती याहून पुढे जाते. ती दुसऱ्यासाठी स्वतःचे काही सोडते. वेळ सोडते, पैसा सोडते, मान सोडते. प्रसंग आला तर जीवही देते.

प्रभू येशूने ही प्रीती करून दाखवली. पकडले जाण्याच्या रात्री त्याने कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. पाय धुणे हे त्या काळी नोकराचे काम होते. ज्या यहूदाने पुढे त्याला धरून दिले, तोही त्या पंक्तीला होता. दुसऱ्या दिवशी येशू वधस्तंभावर मरण पावला. म्हणून ख्रिस्ती माणूस वधस्तंभाकडे पाहतो, तेव्हा त्याला प्रीतीचे माप दिसते.

हे वाचायला सोपे आहे. आयुष्यात ते कसे घडते? त्यासाठी आपण आपल्याच मुलखातल्या एका बाईची हकीकत पाहू.

रमाबाईंची वाट

पुण्याहून दौंडकडे जाताना रेल्वेवर केडगाव स्टेशन लागते. तेथे मुक्ती मिशन ही संस्था आहे. ती पंडिता रमाबाईंनी उभारली.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. बाईने संस्कृत शिकणे त्या काळी लोकांना पसंत नव्हते. पण शास्त्रीबुवांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. आईने ते रमाबाईंना शिकवले. हे कुटुंब तीर्थक्षेत्री पुराण सांगत गावोगाव फिरे.

रमाबाई सोळा वर्षांच्या असतील. दुष्काळात कुटुंबाची उपासमार झाली. कित्येक दिवस त्यांनी नुसते पाणी आणि झाडाची पाने खाऊन काढले. आधी वडील गेले, मग आई गेली. आईला खांदा द्यायला माणसे पुरेनात. रमाबाई उंचीने लहान. खांदा पुरेना, म्हणून त्यांनी तिरडीचे टोक डोक्यावर धरले. पुढे थोरली बहीणही गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास दोघेच उरले. दोघे हजारो मैल पायी फिरले.

१८७८ साली ते कलकत्त्याला पोहोचले. तेथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ हे किताब दिले. पण सुख फार टिकले नाही. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंचे बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न झाले. १८८२ साली तेही पटकीने वारले. पदरात लहानगी मनोरमा होती. रमाबाई चोवीस वर्षांच्याही नव्हत्या.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. लंडनमध्ये ख्रिस्ती जोगिणींनी चालवलेले एक घर त्यांनी पाहिले. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रिया तेथे राहत होत्या. कोणी त्यांना हिणवत नव्हते. मायेने सांभाळत होते. रमाबाईंना नवल वाटले. अशा बायकांसाठी हे लोक इतके का झटतात? त्यांनी विचारले. तेव्हा एका जोगिणीने त्यांना शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर पाण्याला आलेल्या त्या बाईला लोक नावे ठेवत. येशू मात्र तिच्याशी आदराने बोलला. ही गोष्ट रमाबाईंच्या मनात रुतून बसली. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

हिंदुस्थानात परत येऊन १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. बालविधवांना तेथे आसरा आणि शिक्षण मिळे. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आले. धर्मांतराच्या प्रश्नावरून पुण्यात मोठा वादही झाला. काही पालकांनी मुली परत नेल्या.

आठ वर्षांनंतरची जाग

आता नीट लक्ष द्या. येथे आपल्या विषयाचा पहिला धडा आहे.

बाप्तिस्मा होऊन आठ वर्षे झाली होती. रमाबाई बायबल वाचत होत्या, प्रार्थना करत होत्या, विधवांसाठी राबत होत्या. लोक त्यांना नावाजत होते. तरी १८९१ च्या सुमारास त्यांना आतून जाणवले, की काहीतरी उणे आहे. पुढे त्यांनी स्वतःच ही हकीकत लिहिली आहे. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता, असा तिचा आशय आहे.

केवढे धाडसाचे बोलणे हे! सगळे आपल्याला गुरू मानतात, तेव्हा आपली चूल गार आहे हे कबूल करणे सोपे नसते. रमाबाईंनी ते कबूल केले. आपल्या विद्येवर आणि कामावर विसंबणे सोडून त्यांनी स्वतःला ख्रिस्ताच्या हवाली केले. त्यानंतर त्यांच्या मनाला शांती मिळाली.

तेव्हा राख साचली म्हणून लाज धरून लपवू नये. ती मोठमोठ्यांच्या चुलीत साचते. राख आहे हे ओळखणे, हीच पुन्हा पेटण्याची सुरुवात.

दुष्काळातल्या मुली

दुसरा धडा दुष्काळाने दिला.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. आजच्या मध्य प्रदेशाचा बराच भाग त्या प्रांतात होता. बातम्या ऐकून रमाबाईंना स्वतःची जुनी उपासमार आठवली. झाडाची पाने आठवली. आईची तिरडी आठवली. हेच दुःख आता दुसऱ्या मुलींच्या वाट्याला आले होते. त्या घरी बसल्या नाहीत. स्वतः दुष्काळी भागात गेल्या. अनाथ मुली आणि तरुण विधवा तेथे अन्नावाचून मरत होत्या. पोरक्या मुलींना फसवून नेणारे वाईट लोकही फिरत होते. रमाबाईंनी जमतील तेवढ्या मुली सोबत आणल्या.

तेवढ्यात १८९७ साली पुण्यात प्लेगचा कहर झाला. शहरात इतक्या मुली ठेवायला परवानगी मिळेना. केडगावला रमाबाईंनी शेतजमीन घेतलेली होती. मुलींना घेऊन त्या तेथे गेल्या. घरे नव्हती. तात्पुरता निवारा करून सगळ्या राहिल्या. अशी मुक्ती सदनाची सुरुवात झाली. त्या वेळी सुमारे ३०० मुली आल्या. मग १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला. तेथूनही मुली आल्या. आकडा सुमारे १९०० वर गेला.

जरा विचार करा. घरात दोन पाहुणे आठ दिवस राहिले तर आपण थकतो. येथे १९०० तोंडे! शिवाय भुकेने गांजलेले माणूस गोड वागत नाही. ते अन्न लपवते, दुसऱ्याच्या हातातले ओढते, चिडते, भांडते. आजार असतो, दुर्गंधी असते. अशांना न्हाऊ घालायचे, भरवायचे, शिकवायचे. हे एक दिवसाचे काम नव्हते. वर्षानुवर्षांचे होते.

रमाबाईंनी मुलींना नुसते बसवून खाऊ घातले नाही. शेती, विणकाम, तेल गाळणे, छापखान्याचे काम, लिहिणे-वाचणे, सगळे शिकवले. आंधळ्यांनाही शिकायची सोय केली. मनोरमाबाई त्यांना बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवत. ज्या मुलींना कोणी विचारत नव्हते, त्या आपल्या पायांवर उभ्या राहिल्या. त्यागाची प्रीती समोरच्याला लाचार करत नाही. उभे करते.

१९०५ सालचे संजीवन

इतके काम चालले होते. मग आणखी काय हवे होते? पण रमाबाईंना काळजी वाटे. एवढ्या मोठ्या घरात प्रार्थना नुसती घंटा वाजली म्हणून होऊ लागली तर? नाव ख्रिस्ती आणि मन कोरडे, असे झाले तर?

१९०४ साली इंग्लंडशेजारच्या वेल्स मुलखात मोठी आत्मिक जागृती झाली होती. मंडळीचा विझता विस्तव पुन्हा पेटतो, याला ख्रिस्ती लोक संजीवन म्हणतात. ती बातमी केडगावला पोहोचली. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींना सांगितले, की रोज जमून प्रार्थना करू. कशासाठी? दुसऱ्यांचे दोष दूर व्हावेत म्हणून नव्हे. हिंदुस्थानातल्या ख्रिस्ती लोकांचे मन खरोखर पालटावे, आणि त्यात आधी आपले पालटावे, म्हणून. सुरुवातीला सुमारे ७० जणी आल्या. जून महिन्यापर्यंत सुमारे ५५० जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या.

जूनच्या अखेरीस एके दिवशी मुली रडू लागल्या. आपले दोष मोठ्याने कबूल करू लागल्या. क्षमा मागू लागल्या. प्रार्थनेचा आवाज घुमू लागला. ही जागृती बरेच दिवस चालली. पुढे मुलींचे गट आसपासच्या गावांत शुभवर्तमान सांगायला जाऊ लागले.

बाहेरच्या काही लोकांना हे वेडेपणाचे वाटले. ‘हा काय गोंधळ?’ असे ते म्हणत. त्यांची शंका सगळी चुकीची नव्हती. नुसत्या ओरडण्याने आणि रडण्याने कोणी देवाजवळ जात नाही. भावना पावसाच्या ओढ्यासारखी असते. येते तशी ओसरते. मग खरी जागृती ओळखायची कशी? झाड फळावरून ओळखतात, तशी. रडून झाल्यावर घेतलेली वस्तू परत केली का? भांडलेल्या मैत्रिणीशी बोलणे सुरू झाले का? आजाऱ्याजवळ बसायला मन झाले का? प्रीती वाढली असेल तर विस्तव खरा. नाहीतर तो नुसता धूर.

साध्या बायांसाठी पुस्तक

रमाबाईंचा शेवटचा मोठा उद्योग तुमच्या-आमच्यासारख्यांसाठी होता. मराठीत बायबल होते. पण त्यातले पुष्कळ शब्द जड आणि संस्कृत वळणाचे होते. नुकत्या वाचायला शिकलेल्या बाईला ते कळत नसत. रमाबाई स्वतः संस्कृतच्या पंडित. त्यांना जड भाषा लिहिणे सोपे होते. पण त्यांनी सोपी भाषा लिहायचे कष्ट घेतले. बायबलच्या मूळ भाषा हिब्रू आणि ग्रीक. त्या उतारवयात शिकल्या आणि सगळ्या बायबलाचे साध्या मराठीत भाषांतर करायला बसल्या.

हे काम अनेक वर्षे चालले. मधेच १९२१ साली त्यांची एकुलती एक लेक मनोरमा वारली. आईबाप, भाऊबहीण, नवरा गेले होतेच, आता लेकही गेली. रमाबाईंनी काम टाकले नाही. भाषांतर पुरे केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. मुक्तीच्या छापखान्यात बायकांनी ते सगळे पुस्तक छापले. ते १९२४ साली पुरे झाले. एकेकाळी दुष्काळातून वाचलेल्या बायकांची संस्था, आणि तिच्या छापखान्यात छापलेले पुस्तक!

आपण काय करायचे?

आपण रमाबाई नाही. आपल्याकडे १९०० मुली येणार नाहीत. पण आपल्या वस्तीत एक म्हातारी एकटी राहते. तिचे पाणी भरायला कोणी नाही. एक माणूस दारूच्या नादाने घर बुडवून बसला आहे, त्याची पोरे शाळेत जात नाहीत. एका घरी आजारी आहे, पण आपले त्यांच्याशी भांडण आहे, म्हणून आपण तिकडे फिरकत नाही. या आपल्या काटक्या आहेत. विस्तव यांवरच पेटायचा असतो.

तेव्हा तीन गोष्टी करून पाहा.

पहिली, आठवा. एके दिवशी संध्याकाळी पाच मिनिटे गप्प बसा. देवावर तुमचे मन कधी जडले होते? तेव्हा तुम्ही कोणासाठी काय करत होता? ते आता का बंद पडले?

दुसरी, कबूल करा. देवाजवळ करा, आणि ज्याला दुखवले त्याच्याजवळही करा. ‘दादा, माझं चुकलं,’ एवढे म्हणायला फार शब्द लागत नाहीत. छाती मात्र लागते.

तिसरी, एक काम हाती घ्या. फार मोठे नको. पण असे असावे की त्यात तुमचे काहीतरी जाईल. थोडी झोप जाईल, चार पैसे जातील, किंवा मान थोडा खाली जाईल. आणि ते काम उद्याही करा, परवाही करा.

येथे एक सावधगिरी सांगायला हवी. त्याग म्हणजे जुलूम मुकाट्याने सोसणे नव्हे. नवरा मारतो आणि बाई गप्प बसते, त्याला कोणी प्रीतीचा त्याग म्हणू नये. रमाबाईंनी गांजलेल्या बायांना आणखी सोसा असे सांगितले नाही. त्यांना बाहेर काढले आणि आसरा दिला. त्याग आपल्या खुशीने करायचा असतो. दुसऱ्याकडून तो जबरीने करून घ्यायचा नसतो.

दुसरी सावधगिरी अशी, की थकलात तर विसावा घ्या. प्रभू येशूही गर्दीतून निघून एकटा डोंगरावर प्रार्थनेला जात असे. चुलीला जशा काटक्या लागतात, तशी हवाही लागते. नुसते काम करत राहिलात आणि प्रार्थना सोडलीत, तर चीड येते, घमेंड येते. नुसती प्रार्थना केलीत आणि काम सोडलेत, तर मन आळशी होते. दोन्ही बरोबर चालावे.

मायबहिणींनो, भावांनो, विस्तवाचा एक गुण आहे. तो वाटल्याने कमी होत नाही. पूर्वी एका घरची चूल विझली, तर शेजारीण शेणीच्या तुकड्यावर निखारा घेऊन जाई. देणाऱ्या घरचा जाळ त्याने उणा होत नसे. प्रीतीचेही तसेच आहे. तेव्हा आज रात्री निजण्याआधी आपली चूल पाहा. राख दिसली तर घाबरू नका. खाली निखारा आहे का, ते हाताने सारून पाहा. आणि उद्या सकाळी पहिली काटकी कोणाच्या दारी न्यायची, ते ठरवून मगच झोपा.